ठिपक्याचा माग

जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या फोटोंवर एकाच जागी पांढरा डाग येतोय? लॅबवाल्याशी भांडायला निघण्याआधी जरा थांबा आणि निगेटिव्ह उजेडात धरून बघा. आमच्या घरात १९८७ मध्ये एवढंसं काम कुणी केलं नाही. त्याची किंमत होती तब्बल सदतीस वर्षांचा अबोला!

सोमवार, सकाळचे अकरा. मीटिंगमध्ये सगळे क्वार्टरच्या टार्गेटवर गंभीर चेहरे करून बसलेले. चेहरा माझाही गंभीरच होता, पण स्क्रीनच्या कोपऱ्यात मी उघडलेला मेल वेगळाच होता. 'तुमचे स्कॅन तयार आहेत.' फिल्म कॅमेऱ्यावर काढलेला माझा आयुष्यातला पहिला रोल! दहावीच्या रिझल्टला झाली नव्हती एवढी धडधड होत होती.

पहिला फोटो उघडला. माटुंग्याच्या फुलबाजारातली गजरेवाली, मस्त कॉन्ट्रास्ट, आणि तिच्या कपाळावर पांढरा ठिपका. दुसरा फोटो, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलेली माझी मैत्रीण. ठिपका तिच्या गालावर. तिसरा, चौथा, पाचवा... छत्तीसपैकी वीसेक फोटोंवर तोच ठिपका, मधोमध म्हणावा असा, जरासा डावीकडे आणि जरासा वर. कडा मऊ, जणू कुणीतरी ओल्या बोटाने फोटो पुसलाय.

एखाद्या फोटोत चालून गेला असता. 'व्हिंटेज इफेक्ट' म्हणून इन्स्टाग्रामवर चार लाइक जास्तच मिळाले असते. पण वीस फोटोंत? रोल, डेव्हलपिंग आणि स्कॅनिंग मिळून हजाराच्या वर पैसे गेले होते, ते वेगळंच. लंच ब्रेकमध्ये मी पहिला फोन केला तो अर्थात लॅबला. 'तुम्ही माझा रोल खराब केलात' हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला माहीत नव्हतं, की आमच्या घरात हे वाक्य याआधीही एकदा बोललं गेलंय.

आजोबांचा रशियन

आधी कॅमेऱ्याची ओळख करून देते. नाव झोर्की-४, राहणार आमच्या ठाण्याच्या घरातल्या शोकेसमध्ये, पितळी समई आणि ताजमहालच्या मधोमध. माझे आजोबा पवईच्या आयआयटीत लॅबमध्ये नोकरीला होते. ही संस्था १९५८ मध्ये युनेस्को आणि सोव्हिएत युनियनच्या मदतीने सुरू झाली आणि सुरुवातीच्या वर्षांत तिथे रशियन तज्ज्ञ यायचे. त्यांच्यातल्याच एकाने मायदेशी परतताना हा कॅमेरा आजोबांच्या हातात ठेवला, असं घरात सांगतात. कॅमेऱ्यावरचा नंबर ६३ ने सुरू होतो. या कारखान्याच्या नंबरांत पहिले दोन आकडे बहुधा सालाचे असतात, म्हणजे आमचा हा पाहुणा १९६३ चा.

झोर्कीचा वंश थेट जर्मन लायकापर्यंत जातो. १९३४ मध्ये खारकीव्हमध्ये 'फेड' नावाने लायकाची नक्कल बनू लागली. महायुद्धानंतर, १९४८ पासून, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातून झोर्की बाहेर पडू लागला. त्यातलं चौथं मॉडेल १९५६ ते १९७३ अशी सतरा वर्षं बनत होतं. रशियन भाषेत 'झोर्की' म्हणजे तीक्ष्ण नजरेचा! आमच्या तीक्ष्ण नजरेच्या कॅमेऱ्याला मात्र मोतीबिंदू झाला होता.

२०२४ च्या जानेवारीत मी तो शोकेसमधून काढला तेव्हा बाबा पेपरातून मान वर न करता एवढंच म्हणाले, ''तो चालत नाही गं. शोपीस आहे नुसता.''

''काय झालंय त्याला?''

''काही नाही. चालत नाही.''

विषय संपला. आमच्या बाबांचे विषय असेच संपतात.

पहिला संशयित

जुना कॅमेरा आणि लाइट लीक म्हटलं, की फिल्मवाली मंडळी एकच सल्ला देतात. मागच्या दारातले काळ्या फोमचे सील बदल. बरोबर आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच जपानी कॅमेऱ्यांत हा फोम असतो आणि आता तो विरघळून डांबरासारखा चिकट झालेला असतो. तुमच्याकडे मामाचा याशिका इलेक्ट्रो ३५ असेल तर आधी तिथेच बघा.

माझ्या झोर्कीत मात्र फोम नावाची गोष्टच नाही. मागचं कव्हर तळासकट निघतं आणि खोल खाचांमध्ये घट्ट बसतं. पण डोक्यात लीक म्हणजे दार हे इतकं पक्कं बसलेलं, की मी सगळ्या फटींवर काळी इन्शुलेशन टेप चिकटवली. कॅमेरा बँडेज बांधलेल्या पेशंटसारखा दिसायला लागला. दुसरा रोल काढला, पुन्हा तेवढे पैसे मोजले आणि ठिपका होता तिथेच!

आता लॅबवाल्या मुलाचंच डोकं फिरायची वेळ आली होती. पण तो बिचारा शांतपणे म्हणाला, ''मॅडम, स्कॅन बघून काही कळणार नाही. निगेटिव्ह घेऊन जा ना. पहिल्या रोलच्यापण इथेच पडल्यात.''

आणि बॉस, इथेच माझी चूक मला कळली. मी स्कॅन मेलवर मागवत होते आणि निगेटिव्ह लॅबमध्येच सोडून देत होते. म्हणजे एक्स-रे दवाखान्यात ठेवून डॉक्टरला फक्त पेशंटचा फोटो दाखवायचा.

निगेटिव्ह काय सांगते?

लॅपटॉपवर पांढरं पान उघडलं, ब्राइटनेस फुल्ल केला आणि निगेटिव्ह स्क्रीनपासून थोडी वर धरली. घरचा लाइट बॉक्स तयार. आता ऐका, यातलं लॉजिक एकदम सोपं आहे.

पहिला प्रश्न, डाग काळा की पारदर्शक? निगेटिव्हवर जिथे उजेड पडतो तिथे काळं होतं आणि प्रिंटवर तेच पांढरं दिसतं. डेव्हलपिंग करताना फिल्मला हवेचा बुडबुडा चिकटला तर तिथे केमिकल पोचत नाही. मग निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका राहतो आणि प्रिंटवर तो काळा दिसतो. माझे डाग निगेटिव्हवर काळे होते. म्हणजे हा उजेडाचाच उद्योग. लॅब सुटली.

दुसरा प्रश्न, डाग फ्रेमच्या बाहेर सांडलाय का? मागच्या दारातून उजेड शिरला तर तो फ्रेमची चौकट पाळत बसत नाही. दोन फोटोंमधल्या पट्टीवर आणि कडेच्या भोकांपर्यंत पसरतो. रंगीत फिल्मवर तो बहुतेक वेळा लाल-नारिंगी दिसतो, कारण मागून आलेला उजेड आधी लाल रंग टिपणाऱ्या थराला भिडतो. माझा ठिपका मात्र चौकटीच्या आत, अगदी शहाण्या मुलासारखा बसलेला. दारही सुटलं.

तिसरा प्रश्न, जागा तीच आहे का? मी कंपासमधली पट्टी काढली. ३५ मिमीच्या फिल्मवर फ्रेम असते ३६ बाय २४ मिलिमीटरची. ठिपका डाव्या कडेपासून १५ मिलिमीटरवर आणि वरच्या कडेपासून १० वर. प्रत्येक फ्रेममध्ये! उभ्या फोटोंत तो दुसरीकडे दिसत होता, पण फोटो आडवा केला की परत तिथेच. लॅबमधला डाग इतकं मोजूनमापून बसत नाही. म्हणजे गुन्हेगार कॅमेऱ्याच्या आत होता, फिल्मच्या अगदी समोर. आणि फिल्मच्या समोर असतं शटर.

बारा फ्रेमची परीक्षा

झोर्कीसारख्या कॅमेऱ्यात शटर म्हणजे दोन कापडी पडदे. रबराचा पातळ थर दिलेलं काळं कापड. बटण दाबलं की पहिला पडदा सरकतो आणि फिल्म उघडी पडते, मागोमाग दुसरा येतो आणि तिला झाकतो. लक्षात ठेवायची गोष्ट एकच. रोल वाइंड करून कॅमेरा तयार ठेवला, की फिल्मसमोर पहिला पडदा असतो. फोटो काढून झाला आणि अजून वाइंड केलं नाही, तर दुसरा. त्यामुळे कुठला पडदा फाटका आहे हे कॅमेरा न उघडताही कळतं. त्यासाठी बारा फ्रेम खर्च करायच्या.

पहिल्या चार फ्रेम अशा काढायच्या. लेन्सवर झाकण ठेवूनच वाइंड करा, झाकण काढा, लगेच फोटो घ्या, लगेच झाकण लावा.

पुढच्या चार फ्रेमना वाइंड करून झाकण काढा आणि लेन्स मिनिटभर उजळ आकाशाकडे धरा. सूर्याकडे नाही! मग फोटो काढा आणि झाकण लावा.

शेवटच्या चार फ्रेमना उलटं. झाकण काढल्याकाढल्या फोटो घ्या, पण वाइंड न करता लेन्स मिनिटभर आकाशाकडे उघडी ठेवा. मग झाकण लावून वाइंड करा.

कुठली फ्रेम कशी काढली ते वहीत लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नको, तिथे गोष्टी हरवतात. दुसऱ्या गटात डाग आले तर पहिला पडदा दोषी, तिसऱ्या गटात आले तर दुसरा. दोन्हीकडे आले तर दोघंही. पहिल्या गटातही तसाच ठळक डाग दिसला तर तुमचा संशयच चुकीचा, परत बॉडीकडे वळा. आणि हो, फ्रेमच्या एका बाजूला उभा उजळ पट्टा दिसला तर ते भोक नसतं. पडदा शेवटी आपटून किंचित उसळतो, त्याची ती खूण.

माझ्या पहिल्या चार फ्रेम स्वच्छ. शेवटच्या चार स्वच्छ. मधल्या चारही फ्रेमवर ठळक ठिपका. पहिला पडदा, रंगे हाथ!

अंधारात एक तारा

त्या रात्री बेडरूमचे दिवे बंद, पडदे ओढलेले. कॅमेऱ्यात रोल नाही, लेन्स काढलेली, मागचं कव्हर बाजूला. डोळे अंधाराला सरावायला पाचेक मिनिटं दिली. मग मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या बाजूने लावला आणि मागून पाहिलं. वाइंड न करता बघितलं तर काळाकुट्ट अंधार. गुंडी फिरवून वाइंड केलं आणि कॅमेरा थोडा तिरका केला... टप्प! काळ्या आभाळात एकुलता एक तारा. तिळापेक्षाही लहान आणि किंचित लांबट.

शनिवारी तो घेऊन मी फोर्टला बोरा बाजारात गेले. सीएसएमटीच्या समोरच्या या गल्ल्यांत कॅमेऱ्यांची दुकानं आहेत आणि वरच्या मजल्यांवर रिपेअर करणारे जुने हात अजून टिकून आहेत. एका चाचांनी डोळ्याला भिंग लावून पडदा पाहिला आणि विचारलं, ''बेटा, धूप में रखा था क्या? ये सूरज का काम है.''

लहानपणी भिंगाने कागद जाळला होता ना? तेच. ५० मिमीच्या लेन्समधून सूर्याची प्रतिमा पडते ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे सगळी आग एका टाचणीच्या टोकावर. लेन्सचं ॲपर्चर पूर्ण उघडं असेल तर काळ्या कापडाला भोक पडायला फार वेळ लागत नाही. एसएलआर कॅमेऱ्यात मध्ये आरसा आडवा येतो म्हणून पडदा बराचसा वाचतो. झोर्की, फेड आणि जुन्या लायकामध्ये मध्ये कुणीच नसतं. लेन्स, पडदा, मग फिल्म. लेन्सच्या आतच धातूच्या पात्यांचं शटर असतं त्या कॅमेऱ्यांना हा धोका नाही.

चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली. भोक लांबट असेल तर कॅमेरा एकाच जागी पडून होता आणि वर सूर्य सरकत होता. मी घरी येऊन हिशेब केला. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे या लेन्समध्ये त्याची प्रतिमा मिनिटाला साधारण पाव मिलिमीटर चालते. माझं भोक लांबीला मिलिमीटरच्या थोडं वर. तीन ते चार मिनिटं. कधीतरी, कुणीतरी, हा कॅमेरा तीन-चार मिनिटं उन्हात उघडा ठेवला होता.

आत्याच्या लग्नाचा अल्बम

रात्री जेवताना मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. आई म्हणाली, ''अगंबाई!'' बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी ताटातच हात धुतला, स्टूल घेतलं आणि माळ्यावरून एक खोका खाली काढला. त्यात आत्याच्या लग्नाचा अल्बम आणि बटरपेपरच्या पाकिटात निगेटिव्ह.

लग्न झालं मे १९८७ मध्ये, अलिबागजवळ नागावच्या आमच्या घरी. रंगीत फोटोंना वेगळा फोटोग्राफर होता. बाबांनी आजोबांच्या झोर्कीवर ब्लॅक अँड व्हाइट काढले होते, घरातल्या माणसांचे, त्यांच्या हौसेने. मी पान उलटलं. हळद, मुंडावळ्या बांधताना आजी, अंतरपाट. सुंदर फोटो! मग अंगणातले फोटो, आणि आत्याच्या चेहऱ्यावर तो. आजोबांच्या छातीवर तो. पाठवणीच्या फोटोत आजीचा चेहराच नाही, तिथे फक्त पांढरा ठिपका.

मी धावत पट्टी आणली. डावीकडून १५. वरून १०.

बाबा निगेटिव्ह धरून बघत होते. दुसरा रोल, फ्रेम १६ : पंगत बसलीये, पानांत मीठ-लिंबू वाढलंय. एकदम स्वच्छ. फ्रेम १७ : मधोमध मोठा काळा डाग, त्याच्या बाहेर मांडवाचा एक खांब तेवढा दिसतोय. फ्रेम १८ पासून प्रत्येक उन्हातल्या फोटोवर ठिपका.

''पंगतीत वाढायला माणसं कमी पडली,'' बाबा हळू आवाजात म्हणाले. ''मला जिलबीचं ताट दिलं हातात. कॅमेरा बाकड्यावर ठेवला होता.''

''कसा ठेवला होता?''

''उताणा. झाकण माझ्या खिशात होतं.''

आता भूगोल आठवा. आपल्या कोकणपट्टीत मेच्या मध्याला भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. अलिबागला त्या वेळी घड्याळात साडेबारा वाजून गेलेले असतात. म्हणजे ऐन पंगतीची वेळ! उताण्या ठेवलेल्या कॅमेऱ्याची लेन्स तेव्हा सरळ सूर्याकडेच बघत असते, म्हणूनच डाग फ्रेमच्या मध्याजवळ. कॅमेरा गळ्यात आडवा असताना पडदा जळला तर डाग बहुधा फोटोतल्या आकाशाच्या बाजूला येतो. त्यातून मांडवातल्या सावलीसाठी बाबांनी ॲपर्चर पूर्ण उघडून ठेवलेलं. आणि फोटो झाला की लगेच वाइंड करून ठेवायची त्यांची सवय, म्हणून जळला तो पहिला पडदा.

''मी त्याला चोर ठरवलं,'' बाबा म्हणाले.

त्याला म्हणजे त्यांच्या शाळेपासूनच्या मित्राला. अलिबागला त्याचा स्टुडिओ होता आणि हे रोल त्यानेच धुतले होते. ठिपके पाहून बाबा चारचौघांत त्याला म्हणाले, ''बहिणीच्या लग्नाचे फोटो वाया घालवलेस.'' तो म्हणाला, ''अरे, तुझ्या कॅमेऱ्यात काहीतरी आहे.'' बाबा म्हणाले, ''कॅमेऱ्यात असतं तर घरातल्या फोटोंवरपण आलं असतं!'' तर्क चुकीचा नव्हता, अर्धवट होता. घरात अंधार, त्यामुळे भोकातून येणारा उजेड नगण्य. अंगणात लख्ख ऊन. पण तेव्हा कोण टॉर्च लावून बघणार? झोर्की शोकेसमध्ये गेला, घरात नवा हॉटशॉट आला आणि दोन मित्र एकमेकांशी बोलायचे थांबले.

काळा रंग आणि टूथपिक

आता दुरुस्ती. चाचांचा सल्ला स्पष्ट होता. भोक मिलिमीटर-दीड मिलिमीटरपर्यंतचं आणि एकच असेल तर बुजवून बघ. टॉर्चमध्ये आख्खी आकाशगंगा दिसली किंवा रबराला भेगा पडल्या असतील, तर पडदाच बदलायला हवा. त्यात स्प्रिंगचा ताण नव्याने लावावा लागतो, ते जाणत्या हाताचं काम. तिथे यूट्यूब बघून स्क्रू ड्रायव्हर उचलू नका, प्लीज.

भोक बुजवायला लागतो स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा काळा फॅब्रिक कलर, तोच जो कुर्त्यावर फुलं रंगवायला आणतो. तो वाळल्यावरही लवचीक राहतो. पडद्याला गुंडाळी व्हायचं असतं, त्यामुळे लवचीकपणा हीच पहिली अट. नेलपॉलिश कडक होऊन तडकतं. फेविक्विक पडद्याला पत्र्यासारखं ताठ करतं. टेप इतकी जाड की पडदा अडकतो. मार्करने भोक काळं होतं, बंद होत नाही.

कॅमेरा वाइंड करून ठेवला, म्हणजे पहिला पडदा समोर. मागच्या बाजूने टूथपिकच्या टोकावर घेतलेला रंग, जेमतेम मोहरीएवढा, भोकावर टेकवला आणि पसरवला. पडद्याला दाब द्यायचा नाही. सहा तासांनी दुसरा हात. मग चोवीस तास कॅमेऱ्याला हात लावायचा नाही! ओल्या रंगावर बटण दाबलंत तर पडदा स्वतःच्याच गुंडाळीला चिकटतो आणि छोटं दुखणं मोठं होतं. मी त्यावर चिठ्ठी चिकटवली, 'पेशंट झोपलाय'. बाबा तरी दर तासाला येऊन बघत होते.

दुसऱ्या दिवशी परत टॉर्च. अंधार! मग प्रत्येक स्पीडवर वीस-पंचवीस वेळा रिकामं शटर उडवलं. पडदा अडखळत तर नाही ना, हे ऐकायचं असतं. झोर्कीत आधी वाइंड करायचं आणि मगच स्पीड बदलायचा, नाहीतर आतली यंत्रणा बिघडू शकते. बाबांना हे अजून हातात होतं. डोळे मिटून त्यांनी स्पीडची चकती उचलून फिरवली, सदतीस वर्षांनी.

मग तीच बारा फ्रेमची परीक्षा. बारापैकी बारा स्वच्छ.

मांडव्याच्या बोटीवर

मी म्हटलं, ''बाबा, काकांना फोन करा.'' ते म्हणाले, ''नंबर नाही.'' आत्याकडे होता. नंबर मिळाला तर म्हणाले, ''फोनवर काय बोलायचं असं.'' मग एका रविवारी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला निघालो. बाबांच्या मांडीवर ऑफिसची जुनी बॅग, त्यात कॅमेरा, दोन्ही वेळच्या निगेटिव्ह आणि माझी पट्टी. बोटीवर ते एक अक्षर बोलले नाहीत. फक्त एकदा विचारलं, ''तो ओळखेल ना गं?''

स्टुडिओ आहे अजून. पुढे मोबाइलची कव्हरं, आत पासपोर्ट फोटो. गल्ल्यावर काकांचा मुलगा, मागे खुर्चीत काका. त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि बराच वेळ नुसतं पाहतच राहिले. बाबांनी काही न बोलता निगेटिव्ह पुढे केल्या. काकांनी ड्रॉवरमधून भिंग काढलं. फ्रेम १६. फ्रेम १७. फ्रेम १८. मग माझ्या पहिल्या रोलची पट्टी, मग दुरुस्तीनंतरची.

''पडदा जळलाय,'' काका म्हणाले.

''हो.''

''मी तेव्हाच सांगितलं होतं.''

''हो. चुकलं माझं.''

काकांनी भिंग खाली ठेवलं. ''लेका, एवढं बोलायला म्हातारा झालास,'' असं म्हणून ते मुलाकडे वळले, ''अरे, तीन चहा सांग. आणि ह्याच्यात साखर कमी का ते विचार, आता शुगर असेल ह्याला.''

होती. काकांनाही होती. पुढचा तासभर दोघं गोळ्यांबद्दल बोलत होते आणि मला कळलं, की आता माझं तिथे काही काम नाही. निघताना मी दोघांना स्टुडिओच्या पायरीवर उभं केलं. ऊन कडक होतं. फोकस लावला, झाकण काढलं, आणि काका ओरडले, ''झाकण खिशात ठेवू नको गं, हातात धर!''

त्या रोलच्या निगेटिव्ह मी लॅबमधून स्वतः जाऊन आणल्या आणि त्या मुलाला सॉरीही म्हटलं. फोटोत दोन म्हातारे उन्हाने डोळे बारीक करून उभे आहेत. डावीकडून १५, वरून १० मिलिमीटरवर काकांचा खांदा आहे आणि त्यावर बाबांचा हात.

झोर्की-क्लबसाठी सहा गोष्टी

• लॅबमधून निगेटिव्ह परत घ्याच. दोष तिथेच वाचता येतो.

• कापडी शटरचा सेकंडहँड कॅमेरा घेताना लेन्स काढून टॉर्चने पडदा बघा. वाइंड करून एकदा, न करता एकदा.

• फोटो काढला की झाकण लावा. पण रेंजफाइंडरमध्ये लेन्समधून दिसत नाही, त्यामुळे झाकण लावूनच आख्खा रोल काढणारे महाभागही आहेत. काढायलाही विसरू नका.

• झाकण हरवलंय? उन्हात चालताना लेन्स जमिनीकडे किंवा अंगाकडे वळवून ठेवा आणि ॲपर्चर बंद करा.

• कॅमेरा टेबलावर उताणा ठेवू नका. मे महिन्यात तर नाहीच नाही.

• भोक बुजवल्यावर कॅमेरा लगेच लग्नाला नेऊ नका. आधी एक टेस्ट रोल काढा.